माझे गुडघे ठणठणीत आहेत

आमच्या शाळेत मुख्याध्यापिका होण्याआधी नकार देण्याची पद्धत आहे. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या की सेवाज्येष्ठतेच्या यादीत जी पहिली, तिचा हक्क. पण संस्थेला दुसरीच कोणी हवी असेल तर पहिलीकडून लिहून घेतात की मला हे पद नको. याला म्हणतात नकारपत्र. मग दुसरीकडून, तिसरीकडून, आणि अशी वाट मोकळी होत होत संस्थेला हवी ती बाई खुर्चीत बसते. सगळं कायदेशीर आणि गोडीगुलाबीनं.

यंदा यादीत पहिली मी होते. संस्थेला हवी होती सचिवांची सून, ती चौथी. मधल्या दोघींनी आधीच सह्या करून टाकल्या होत्या. अडला होता फक्त माझा कागद.

त्या दोघींपैकी एक माझी जुनी मैत्रीण. डबा खाताना ती म्हणाली, "काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिली वं? सही दे अन् मोकळी हो. तीनच वर्षं तर उरली नोकरीची."

"तू कारण काय लिहिलं?" मी विचारलं.

"मी कुठं लिहिलं? बाबूनं दिलं तेच. गुडघेदुखी."

"तुझे गुडघे दुखतात?"

"नाही तं," ती म्हणाली आणि वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली.

मला हसू आलं आणि मग संताप आला. आमचे ऑफिसातले बाबू कोणतंही पत्र नव्यानं लिहीत नाहीत. जुनी फाईल उघडायची, मजकूर उचलायचा, नव्या कागदावर ठेवायचा, नाव आणि तारीख बदलायची. कधीकाळी एका बाईंचे गुडघे खरंच दुखत होते. त्या बिचाऱ्या निवृत्त होऊन गेल्या, पण त्यांचे गुडघे कॉम्प्युटरवर राहिले आणि पुढच्या प्रत्येकीला चिकटत गेले. हक्क घ्यायचा तर घ्या, पण माझ्या अंगात नसलेलं दुखणं माझ्या सहीनं का घालता?

मी स्वतः कॉम्प्युटरच्या बाबतीत काही मोठी शहाणी नाही. मराठीच्या प्रश्नपत्रिका टाइप करते, त्याही ऑफिसात, कारण प्रिंटर तिथंच आहे. उचललेला मजकूर मधल्या वेळात कुठं जातो हे मला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. एकदा उतारा पेस्ट करताना कंट्रोलऐवजी शेजारचं चार चौकटींचं बटण दाबलं गेलं आणि कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली. उचललेल्या गोष्टींची यादी ठेवायची का, असं ती विचारत होती. ठेव, म्हटलं. तेव्हापासून मी उचललेलं काहीच लगेच हरवत नव्हतं. एकामागून एक उचललेले उतारे त्या चौकटीत एकाखाली एक दिसत. ही सोय मी कोणालाच सांगितली नाही. इतकी वर्षं सगळे मला शिकवायला बघत होते, तेव्हा एक गोष्ट माझ्या एकटीची असली तर काय बिघडलं?

नवी मुख्याध्यापिका ठरवायच्या बैठकीच्या दिवशी सकाळची शाळा होती. एप्रिलचं ऊन, खिडक्या बंद, कूलर घरघरतोय. बाबू बँकेत गेलेले. मला दोन तास रिकामे होते, म्हणून मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि माझं पत्र लिहायला घेतलं. 'प्रति, माननीय सचिव' वगैरे वरचा भाग तयार होता, म्हणून आळसानं तो नकारपत्राच्याच फाईलमध्ये खाली उतरवला आणि पुढे लिहीत गेले. अखेर मीही त्याच शाळेतली.

पत्र मात्र माझं होतं. सव्वीस वर्षांची नोकरी, यादीतला पहिला क्रमांक, पद स्वीकारायला मी तयार आहे, आणि माझी प्रकृती उत्तम आहे. कुठंही 'कृपया' नाही, 'नम्र विनंती' नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी संस्थेला असं ताठ पत्र लिहिलं होतं.

नव्या फाईलमध्ये न्यायचं म्हणून मी माझा सगळा मजकूर कट केला, आणि तेवढ्यात बाबू दारात हजर.

"मॅडम, जरा सरका. सचिवसाहेब येऊन बसले. मी करून देतो तुमचं," असं म्हणत त्यांनी माउस हातातून घेतलाच. वरचं नकारपत्र कॉपी केलं, फाईल बंद केली. सेव्ह करू का, असं मशीननं विचारलं. नको, म्हणून दाबलं. नवी कोरी फाईल उघडून दिली. "आता फक्त पेस्ट करा, नाव बदला, प्रिंट काढा. मी साहेबांच्या चहाचं पाहतो."

मी पेस्ट केलं. 'तीव्र गुडघेदुखीमुळे सदर पद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.'

रडू आलं मला. पत्र पुन्हा लिहिता आलं नसतं असं नाही. पण मी स्वतःला ओळखते. सचिव शेजारच्या खोलीत चहा पीत असताना दुसऱ्यांदा लिहिलं असतं, तर त्यात एक 'कृपया' आलाच असता. मग 'नम्र विनंती' आली असती. शेवटी गुडघेही आले असते.

मग ते चार चौकटींचं बटण आठवलं. ते दाबून धरलं आणि व्ही दाबलं. चौकट उघडली. सगळ्यात वर बाबूंची गुडघेदुखी. तिच्या खाली माझं पत्र, शब्द न् शब्द.

गुडघेदुखी पुसून कागद पुन्हा कोरा केला आणि चौकटीतल्या खालच्या मजकुरावर क्लिक केलं. दोन प्रती काढल्या, सही केली आणि आत गेले. एक प्रत सचिवांच्या हातात दिली आणि दुसरी बाबूंसमोर धरली. आवक क्रमांकाचा शिक्का हवा होता मला. तो एकदा बसला की हिनं हक्क सोडला, असं कोणाला म्हणता येत नाही. न बसला तर कागद मिळालाच नाही म्हणायला सगळे मोकळे.

सचिवांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. कुठल्या शिक्षिकेकडून असा कागद आलेला त्यांनी कधी पाहिलाच नसावा.

"मॅडम," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एवढी घाई काहून करून राहिल्या? विचार करा. घरी विचारा. सोमवारी बोलू आपण."

"सव्वीस वर्षं विचारच करून राहिली होती सर," मी म्हटलं. "आता बाबूले शिक्का मारायला सांगा."

बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.