तांबडीचं बाळंतपण

आमच्या हॅमिल्टनच्या घरी तीन कोंबड्या आहेत आणि त्यांचं घर आमच्या घरापेक्षा उबदार आहे. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात असा मला पहिल्या हिवाळ्यापासून संशय आहे. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. ते अंगावर आणखी एक जर्सी चढवतात आणि 'आज जरा गारवा आहे, नाही?' म्हणून हसतात. खुराड्याला मात्र नवऱ्यानं दुहेरी भिंती केल्या, वर पत्रा घातला, खाली बोटभर जाड लाकडाचा भुसा पसरला. बाथरूमच्या खिडकीतून वारा येतो हे मी त्याला चार वर्षं सांगतेय.

कोंबड्या आल्या त्या अंड्यांसाठी. मध्यंतरी दुकानांतून अंडी गायब झाली होती, तेव्हा या माणसाला एकदम स्वावलंबनाचा झटका आला. एक तांबडी, एक काळी, एक करडी. मुलीनं त्यांना नावंही ठेवली, पण त्या तिघींनी ती कधी मनावर घेतली नाहीत, म्हणून मीही घेत नाही. जून आला, म्हणजे इथला हिवाळा, दिवस आखडले, तशी काळीनं आणि करडीनं अंडी देणं बंद केलं. उजेड कमी झाला की त्या सुट्टीवर जातात म्हणे. तांबडी एकटी राबत राहिली. अशी एक प्रत्येक घरात असते. आमच्याकडे आता दोन झाल्या.

नवऱ्याचं कोंबड्यांविषयीचं सगळं ज्ञान अमेरिकेतल्या व्हिडिओंमधून येतं. तिथे गुडघाभर बर्फ असतो. इथे सकाळी गवतावर दहिवर गोठतं, पाण्याच्या भांड्यावर पापडाएवढा बर्फ धरतो आणि दहापर्यंत धुकं हलत नाही, एवढंच. तरी हा रोज सकाळी कामाला जायच्या आधी तिघींना एकेक करून काखेत धरायचा आणि त्यांच्या तुऱ्यांना मलम चोळायचा. शेजारचे गोरे आजोबा कुंपणावर कोपर टेकून बघायचे. ते स्वतः हिमकणांवर अर्ध्या चड्डीत उभे.

"मेट, चुक्स आहेत त्या," एकदा ते म्हणाले. इथे कोंबड्यांना चुक्स म्हणतात. "पार्टीला नेतोयस का?"

अशा या घरात आई आली. पहिल्यांदा. आणि पाच वर्षं उशिरा.

हे 'उशिरा' नीट सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथेच आहे. माझी मुलगी झाली तेव्हा साथीमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. आईनं तिकीट काढलं होतं, पिशवी भरली होती, गुडघ्यांना पट्टे आणले होते. विमानच नव्हतं. मी इथे हिवाळ्यात बाळंत झाले. मिडवाइफ फार चांगली होती, खोटं कशाला बोलू. मूल झाल्यावर अर्ध्या तासात तिनं मला थंड सँडविच आणि बर्फ घातलेलं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, यू आर अ लेजंड. मी विचारलं, गरम काही मिळेल का? तिनं टोस्ट आणला. तिकडून आई फोनवर सांगत होती, कानात कापूस घाल, डोक्याला बांध, उठू नकोस, आणि एवढ्यात नेटवर्क गेलं. तिचं तोंड उघडं राहिलं आणि पडद्यावर तसंच गोठलं. मी ते तोंड बघत टोस्ट खाल्ला.

पुढे सव्वा महिना कोणी मला तेल लावलं नाही, शेकलं नाही, 'तू पड गं, मी बघते तिच्याकडे' असं म्हणालं नाही. नवरा खिचडी करायचा, रोज, आणि रोज विचारायचा की जिरं कुठे आहे. पाठ दुखली की मी भिंतीवरच्या हीट पंपाखाली उभी राहून शेकून घ्यायची. मग सीमा उघडल्या तेव्हा बाबांचं आजारपण, ते गेल्यावर आईचा गुडघा. कोणाची काही चूक नव्हती. मला हे सगळं कळतं. पण सीमेला काही बोलता येत नाही आणि आईला बोलता येतं, म्हणून माझा राग आईवर होता.

तर आई आली ती पाच वर्षांपूर्वी भरलेली तीच पिशवी घेऊन. विमानतळावर तिची झडती झाली. ओवा, बाळंतशोपा, डिंक, सगळं टेबलावर मांडून अधिकाऱ्यानं विचारलं, हे कशासाठी? आई म्हणाली, "डॉटर. डिलिव्हरी." त्यानं तिचं मनापासून अभिनंदन केलं, खायचं-प्यायचं ठेवून घेतलं आणि कपडे परत दिले. तिच्या जुन्या साड्यांची तिनं हातानं शिवलेली दोन दुपटी, चार टोपडी आणि काही झबली. माझ्या मुलीनं एक टोपडं उचलून बाहुलीला घालून बघितलं. बाहुलीलाही ते लहान झालं.

दुसऱ्या दिवशी आईनं नवऱ्याला भारतीय दुकानात पाठवून तिळाचं तेल, डिंक, सुंठ, गूळ आणवलं.

"रोज सकाळी बसत जा जरा," मला म्हणाली. "पाठीला लावून देते."

"आता कसलं लावतेस? पोरगी शाळेत जाते."

"वात जुना असतो."

"मग राहू दे जुना," मी म्हटलं. तेलाची बाटली ओट्यावर तशीच सीलबंद राहिली. येता-जाता ती दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

आता आईचा मोर्चा कोंबड्यांकडे वळला. हे कोणालाही वाटलं नसतं, कारण आई अंडं या शब्दाचाही विटाळ मानते. ती 'ते' म्हणते. 'तुमचं ते फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवू नका', 'त्या तव्यावर तुम्ही ते करता का?' स्वतःसाठी तिनं वेगळा तवा, वेगळी कढई आणि शेगडीचं एक कोपऱ्यातलं तोंड राखून ठेवलं होतं. पण एका सकाळी तिनं खिडकीतून तांबडीला अंडं देऊन बाहेर येताना पाहिलं, आणि ती थेट गोठलेल्या भांड्यात चोच आपटायला लागली हेही पाहिलं.

"ही रोज देते?" आईनं विचारलं.

"जवळजवळ रोज."

"म्हणजे रोज बाळंतपण. आणि त्यावर गार पाणी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते भांडं मीच गोठवलं होतं.

त्या दिवसापासून तांबडीचं रीतसर सुरू झालं. सकाळी कोमट पाणी. बाजरीची पेज, तीही राखून ठेवलेल्या शेगडीवर. गुळाचा खडा द्यायलाही निघाली होती, तो मी हातातून काढून घेतला. मुलगी आजीच्या मागे मागे फिरायची. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. आजी इंग्रजी काही समजत नाही आणि उत्तर मराठीत देते. दोघींचं उत्तम चालायचं. आणि मी? मी रोज सकाळी ऑफिसची गाडी काढताना बघायची की माझी आई गोठलेल्या गवतावर माझे गमबूट घालून, शालीखाली वाटी झाकून, कोंबडीला पेज नेतेय. मला त्या कोंबडीचा मत्सर वाटायचा. अडतिसाव्या वर्षी, चांगली नोकरी असताना. लाज वाटते सांगायला, पण वाटायचा.

मातारिकीच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या नववर्षाच्या, सुट्टीच्या दिवशी तांबडी बाहेर आलीच नाही. नवऱ्यानं दार उघडून पाहिलं तर कोपऱ्यात पिसं फुलवून उभी. शेपटी खाली, मान आत, दर मिनिटाला अंगाला कळ आल्यासारखी ताणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. पाण्याकडेही बघेना. मुलगी रडायला लागली. नवऱ्यानं फोन लावला, तर पक्षी तपासणारी डॉक्टर सुट्टी संपल्यावर भेटणार होती. शेजारचे आजोबा कुंपणावरून वाकले, तिला पाहिलं आणि म्हणाले, अंडं अडकलंय, फार तर उद्यापर्यंत जगेल, हवं तर मी आत्ताच तिची सुटका करतो, तिला कळणारही नाही. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी टोपी काढून विचारलं.

आई माझ्या मागे उभी होती. आजोबांचं एक अक्षर तिला कळलं नाही, पण त्यांनी हातानं मान पिरगाळल्याची खूण केली ती बरोबर कळली.

"त्यांना सांग, घरी जा म्हणावं," आई म्हणाली. "अडलीय ती."

आणि तिनं, जिनं आयुष्यात अंड्याला बोट लावलं नव्हतं, ती कोंबडी पदरात घेतली आणि घरात नेली.

नवरा मागून मोबाइल घेऊन पळत होता. "कोमट पाण्यात बसवायचं म्हणे," तो वाचत होता, तोवर आईनं लाँड्रीच्या टबात पाणी सोडलं होतं आणि कोपर बुडवून बघत होती, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं. "तेल लावायचं," तो म्हणाला. आईनं ओट्यावरची तिळाच्या तेलाची बाटली मागितली आणि सील तोडलं. माझ्या तेलाचं. "मग ऊब, अंधार आणि शांतता," तो म्हणाला. "तेच की," आई म्हणाली, "यात वाचायचं काय आहे?"

अर्धा तास ती टबापाशी गुडघ्यावर बसून होती, त्या दुखऱ्या गुडघ्यावर. तांबडी पोटापर्यंत पाण्यात, डोळे अर्धे मिटलेले. आईनं वाटीतलं कोमट तेल मागच्या बाजूला लावलं, पोटावरून हलक्या हातानं फिरवलं आणि सारखं बोलत राहिली. "हं, घाई नाही. दम घे. मी आहे ना इथे. मी कुठेही जात नाही." मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. हीच वाक्यं. हीच मला हवी होती, आणि ती एका कोंबडीला मिळत होती.

घरात खरी ऊब एकाच ठिकाणी असते, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. आईनं तिथल्या चादरी बाहेर काढल्या आणि खाली पसरायला खोलीत जाऊन काहीतरी घेऊन आली. निळ्या काठाचं दुपटं होतं. पिशवीतलं.

"ते नको," मी म्हटलं.

"का?"

"ते माझ्या मुलीचं आहे."

"तिचे पाय तरी मावतात का त्यात?"

"नाही मावत," मी म्हटलं, आणि आवाज चढला. "कारण तू आली नाहीस. मावत होते तेव्हा आली नाहीस. मी एकटी होते, आई. थंड पाणी प्यायले मी. आणि इथे येऊन तू कोंबडीची बाळंतपणं करतेस."

नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून स्वयंपाकघरात गेला. मुलगी माझ्याकडे बघत होती. आईनं कोंबडी पुसली, दुपट्यात गुंडाळली, तेलाच्या वाटीसकट कपाटात ठेवली आणि दार किलकिलं ठेवून समोर पालथ्या बादलीवर बसली.

मग म्हणाली, "पाच वर्षं ती पिशवी माझ्या पलंगाखाली होती. झाडताना रोज बाहेर काढायची आणि रोज आत सरकवायची. तुला काय वाटतं, मला करायचं नव्हतं?"

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. फरशी अर्थातच बर्फासारखी होती.

दुपारचे तीन वाजले असतील. आत खुडबुड झाली, मग काही नाही, मग तांबडीचा एक घोगरा आवाज. आईनं दार उघडलं. दुपट्यावर तेलानं माखलेलं, वेडंवाकडं, नेहमीपेक्षा मोठं अंडं पडलं होतं आणि तांबडी त्याच्यापासून दूर सरकून पंख झटकत होती, जणू त्याच्याशी आपला काही संबंध नाही.

"आलं गं बाई अंडं," आई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "सुटलीस."

मुलीनं विचारलं, "आजी, इज शी ओके?" आजी म्हणाली, "हो, पण आता तिला उठू द्यायचं नाही." मुलगी तशीच आजोबांना सांगायला कुंपणाकडे पळाली. त्यांचा 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', आत ऐकू आला.

आईनं तांबडीला पेज पाजली, दुपटं पुन्हा तिच्याभोवती नीट खोचलं. मग उठायला गेली, गुडघा धरून परत बादलीवर बसली आणि कपाटातून काढलेल्या तेलाच्या वाटीत बघत राहिली.

"एवढं तेल उरलंय," ती म्हणाली. "कोमटच आहे अजून. टाकून कशाला द्यायचं?"

तिनं वाटीत बोटं बुडवली.

"पाठ कर इकडे."

कोंबडीनंतर माझा नंबर लागला होता. मी जर्सी काढली, तिच्या पायांशी फरशीवर बसले आणि पाठ केली.