लॉन्ड्रेटच्या दारावरचं कार्ड

ब्रिस्टलला आम्ही दोघं नवराबायको एकाच हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होतो, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन नव्हतं. कपडे पिशव्यांत भरून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रेटमध्ये न्यायचे, मशीनमध्ये नाणी टाकायची आणि धुऊन होईपर्यंत बाकावर बसून राहायचं. त्या वर्षी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणत असे. आईंचं सोवळं कडक. परक्या माणसांचे कपडे धुतलेल्या मशीनमध्ये आपली पातळं घालणं त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. त्या ती बाथटबमध्ये हातानं धूत. लॉन्ड्रेटला मात्र माझ्याबरोबर हौसेनं यायच्या. तिथं ऊब असायची आणि माणसं बघायला मिळायची.

एका दुपारी आम्ही गेलो तर दाराच्या काचेवर नवंकोरं कार्ड चिकटवलेलं. जिप्सी आणि ट्रॅव्हलर यांना प्रवेश नाही. मी आईंना अर्थ सांगितला.

"म्हणजे कोण गं?"

"इकडचे भटके लोक, आई. चाकांवरच्या घरात राहतात, कॅरॅव्हॅन म्हणतात त्याला. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्यांना एका जागी फार दिवस टिकू देत नाही."

आम्ही कपडे मशीनमध्ये टाकतोय तोच प्रॅम ढकलत एक बाई आत आली. साठीच्या आसपासची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात पुरुषी बूट. प्रॅममध्ये एका अंगाला तान्हं बाळ झोपलेलं, दुसऱ्या अंगाला लंगोट-दुपट्यांचं गाठोडं. मागच्या खोलीतून मालक लगबगीनं बाहेर आला.

"दारावरचं कार्ड दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

"काय लिहिलंय ते तुला चांगलं ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक असणार? लिहिलंत तुम्ही, वाचाही तुम्हीच."

दुकानात आमच्याखेरीज आणखी चार-दोन बायका होत्या. सगळ्यांचे डोळे मालकावर खिळलेले. त्यानं तोंडातल्या तोंडात कार्ड वाचलं.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "नातू माझा गाढ झोपतो, उठायचा नाही."

त्यानं मोठ्यानं वाचलं. वाक्य एवढंसं, पण संपेपर्यंत त्याची मान लाल झाली होती. कार्ड लिहिणं निराळं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर ते बोलणं निराळं, हे मला त्या क्षणी दिसलं.

"आता सांगा, या लंगोटांनी तुमच्या मशीनचं काय बिघडणार आहे?"

"गिऱ्हाइकं तक्रार करतात. तुम्ही लोक घाण करता."

तिनं आवाज चढवला नाही. एकेका बाईकडे पाहत विचारलं, "मला कधी इथं घाण करताना पाहिलंय कुणी?" बायका आपापल्या मशीनकडे बघू लागल्या. मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, यांनी काय वाचलं ते ऐकलंस ना? कुणी विचारलं तर सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं.

मालक माझ्याजवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही यात पडू नका. तो वंशभेदाविरुद्धचा कायदा तुमच्यासारख्यांसाठी आहे. ही तर माझ्याइतकीच गोरी आहे."

तो कायदा मला माहीत होता. आम्ही या देशात आलो तेव्हा खोल्या शोधत हिंडताना काळ्यांना जागा नाही अशा पाट्या खिडक्याखिडक्यांत उघड लावलेल्या पाहिल्या होत्या. मग कायदा झाला. वंश किंवा रंग पाहून घर, नोकरी, दुकानातली सेवा नाकारायला बंदी आली. पाट्या गेल्या, जागा आत्ताच गेली हो, असं गोड बोलणारे घरमालक आले. तरी निदान दाद मागायला जागा झाली होती. पण हा कायदा आपल्याखेरीज आणखी कुणाचा असू शकतो, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. प्रॅमवाल्या बाईच्या मनात मात्र तो पक्का होता. त्यांच्या मुलांना शिकवायला एक टीचर कॅरॅव्हॅनवर येत असे, तिनं सांगितलेलं हिनं नीट ध्यानात ठेवलं होतं.

कपडे न धुताच बाहेर पडावं लागल्यावर फुटपाथवर उभं राहून तिनं मला विचारलं, "तक्रार लिहून देशील? शब्द माझे, अक्षर तुझं."

त्या रविवारी आई आणि मी बसनं तिच्याकडे गेलो. शहराबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला गवताची पट्टी होती, तिथं तिच्या कुटुंबाच्या कॅरॅव्हॅन उभ्या होत्या. आत पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. आमच्या फ्लॅटला लाज वाटावी इतकं लखलखीत. दाराशी तीन वेगवेगळी घमेली होती. एक भांड्यांचं, एक कपड्यांचं, एक अंग धुण्याचं. भांडी पुसायचं फडकं चुकून कपड्यांच्या घमेल्यात पडलं तर ती ते फेकूनच देई. कुत्र्यानं तोंड लावलेला कप तर फोडूनच टाकायचा. मी हे सगळं आईंना मराठीत सांगत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"अगं, हिला सोवळं कळतं!" त्या म्हणाल्या.

चहा करताना तिनं नातीला त्यांच्या भाषेत काहीतरी आणायला सांगितलं. नात हलायच्या आधी आईच उठल्या आणि कोपऱ्यातला पाण्याचा जग घेऊन आल्या. ती चकित होऊन बघत राहिली.

"पानी म्हणाली ना ती?" आई मला म्हणाल्या. "मग त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

मग दोघींचा खेळच सुरू झाला. आईंनी नाकाला हात लावला, ती म्हणाली नाक. कान, केस, एक, दोन, पाच. काही शब्द जुळले, काही नाही जुळले, आणि न जुळणाऱ्यांवर दोघी जास्त हसल्या. जिप्सींची भाषा फार पूर्वी आपल्याकडूनच गेलेली, हे मी नंतर कुठंतरी वाचलं. परतताना आम्ही बसमध्ये बसलो. आई म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या गावाबाहेर भटक्यांची पालं पडली की पोलीस पाटील त्यांना उठवायचा. आम्ही मुली लांबून बघायचो. ती माणसं पुढं कुठं जात असतील, असं कधी मनातसुद्धा आलं नाही."

वंशभेदाच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी बोर्डाकडे तक्रार गेली. चौकशीला तिथला ऑफिसर यायच्या आधीच कौन्सिलची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली आणि गवतावरच्या कॅरॅव्हॅन ओढून रस्त्यावर उभ्या केल्या. तिचं कुटुंब शहराच्या पार पलीकडच्या एका गल्लीत जाऊन थांबलं. मला वाटलं, आता संपलं सगळं; जिला पत्ता नाही तिला उत्तर कुठं पाठवणार? ती दोन बस बदलून आमच्या दारात आली आणि म्हणाली, "तुझा पत्ता चालेल का बघ त्यांना."

चालला. म्हणून चौकशी आमच्या फ्लॅटमध्येच झाली. ऑफिसर मध्यमवयीन, शांत गृहस्थ होता. त्यानं आधी मला विचारलं. मी पाहिलं-ऐकलं ते सांगितलं. मग तो तिच्याकडे वळला.

"दुकानदाराचं म्हणणं असं की, जिप्सी हा काही वंश नाही, नुसती राहण्याची पद्धत आहे. उद्या तुम्ही घरात राहायला गेलात की तुम्ही जिप्सी उरणार नाही."

"माझी बहीण लग्न झाल्यापासून विटांच्या घरात राहते, साहेब. अजून आपले कप वेगळ्या घमेल्यात धुते. अजून पोरांशी आमच्या बोलीत बोलते. आणि अजून शेजारी तिला जिप्सीच म्हणतात. आम्हाला हाकलायचं असतं तेव्हा हे लोक आम्हाला लांबून ओळखतात. कायदा दारात आला की मात्र म्हणतात, असे लोक नसतातच."

ऑफिसरनं पेन खाली ठेवलं. आईंना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या मला म्हणाल्या, "काय म्हणाली ते मला नंतर सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

काही आठवड्यांनी निकाल कळला. कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. ऑफिसरनं मालकाला समजावलं, कार्ड काढायला लावलं, पुन्हा असं करणार नाही अशी हमी घेतली आणि तिची माफी मागायला लावली. त्यानं ती दुकानातच, आमच्यासमोर मागितली, फारशी मनापासून नाही. तिनं मान हलवली आणि लगेच मशीनकडे वळली. कपडे आत न टाकता तिनं आधी ते रिकामंच गरम पाण्यानं फिरवलं.

"बिघडलंय का?" मालकानं विचारलं.

"नाही हो. याच्या आधी कुणी काय धुतलंय कुणास ठाऊक."

मी भाषांतर केलं तेव्हा आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

जिप्सींनाही या कायद्याचं संरक्षण आहे असा स्पष्ट निवाडा वरच्या कोर्टातून यायला पुढं बरीच वर्षं लागली. तिच्यासारख्या किती जणींनी तोवर आपण कोण आहोत हे परक्या माणसांना बसून समजावलं असेल. कौन्सिलनी जिप्सींना हक्काच्या जागा द्याव्यात असाही एक कायदा होता, पण आमच्याकडे तो अंमलात यायला फार रेंगाळला. अखेर मिळाली ती जागा रेल्वेलाइन आणि सांडपाण्याच्या प्लँटच्या मध्ये.

आम्ही ब्रिस्टल सोडून ईलिंगला राहायला जाण्याआधी मी तिला तिथं भेटायला गेले. प्लँटचा वास येत होता. सिमेंटचा ओटा होता, नळ होता, नात शाळेत गेलेली होती. मी म्हटलं, "एवढ्या खटपटीनंतर ही असली जागा दिली तुम्हाला?"

"नळ दिलाय, तो आधी वापरते," ती म्हणाली. "आणि मंगळवारी कौन्सिलचा माणूस येतोय. त्याला खुर्ची टाकणार आहे ती तिकडं, प्लँटच्या बाजूला. जेवायच्या वेळेला बोलावलंय."