तोरंगणचा घाट आणि अप्पांचा उजवा पाय

जव्हारला जायचं ठरवलं मी. अप्पांची अट एकच होती: "गाडी तू चालवणार असशील तर."

अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी खोडाळ्याच्या शाळेत काढली आणि "एकदा जाऊन यायला हवं" असं दर दिवाळीत म्हणून घेतलं. ही दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि मोबाइल त्र्यंबकच्या पुढे शोभेपुरता.

अटीमागे कारण होतं. त्याच उन्हाळ्यात अप्पा आमची जुनी डिझेल गाडी आत घेत असताना ती घराच्या फाटकावर गेली. फाटक उघडत उभ्या असलेल्या आईचं मनगट मोडलं. दादाने गाडी महामार्गावर पळवून पाहिली आणि ब्रेक झकास असल्याचं सांगितलं. मग दोष द्यायला उरला तो अप्पांचा पाय. "माझ्याच पायात जोर राहिला नाही," म्हणत त्यांनी किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली ती जणू कायमची. आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही, पण गाडी आत यायची असली की ती ओट्यावरून खाली उतरेनाशी झाली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी नाशिकहून निघालो. त्र्यंबकपर्यंत रस्ता चांगला, तिथे मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे चहाशिवाय काही मिळेल याची खात्री नाही. त्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि खड्डे येतात, पण दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे आणि उतारावर पिकलेली नागली पाहत जाताना कुरकुर करवत नाही.

तोरंगणच्या घाटात तीन-चार वळणं उतरलो आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. मी अक्षरशः उभी राहून दाबत होते, तरी गाडी सरकतच होती.

"गिअर उतरव," अप्पा म्हणाले. "पहिल्यात घे. हँडब्रेक हळूहळू ओढ, घाबरू नकोस."

गाडी डोंगराच्या बाजूला टेकवून थांबवली. अप्पा माझ्या पायांकडे बघत होते.

"तुझाही पाय दमला का गं?"

"पायाचा काय संबंध, अप्पा? पेडल खालीच जात नाही!"

पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने आम्ही मोखाड्याला पोचलो.

स्टँडजवळ काशिनाथची पत्र्याची शेड होती. हा भिवंडीत गॅरेजवर राहून आलेला, आणि तोंडाने कोणाला हार जाणारा नव्हे. "बूस्टर गेला, ताई. गाडीचा आवाज ऐकला नि समजलं." मग तासभर त्या बूस्टरशी, म्हणजे ब्रेकला जोर पुरवणाऱ्या डब्याशी, झटापट करून म्हणाला, "बूस्टर चांगला हाय. मी बोललोच व्हतो."

मी हसू दाबलं. त्याने इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या वॅकम पंपाचा पाइप काढला.

"गाडीचा रोजचा पाय कोनाचा?"

"माझा होता," अप्पा म्हणाले.

"मग तुमीच या, बाबा. ज्याचा पाय त्यालाच दाखवतो मी, नायतर मागून भांडण व्हतं. हितं अंगठा लावा. वडतो का?"

अप्पांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला. "नाही ओढत."

"वडायला पायजे. हा पंप हवा खेचतो तवा ब्रेक हलका लागतो. आतली पाती झिजलीत."

"पण आमच्या मुलाला ब्रेक चांगला लागला होता."

"पळत्या गाडीत एक डाव लागतो. हळू चालवून दोन-तीनदा दाबा, मग कळतं."

फाटकातून गाडी हळूच येते. अप्पा तिथल्या पेटीवर बसले आणि "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पाती एका दिवसात झिजत नाय, बाबा."

पंप नाशिकहून मागवायचा होता. एसटीडी बूथवरून दुकानाला फोन केला. या भागात सुटे भाग येतात ते कंडक्टरच्या हाती, सकाळच्या गाडीने. तोवर आम्ही काळी-पिवळी जीप धरून जव्हार गाठलं. या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक प्रवासी बसतो, तेव्हा मन घट्ट करून बसा. लॉज साधा, दर खिशाला न टोचणारा, गरम पाणी बादलीने. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण होतं, मी दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी हनुमान पॉइंटवर दरी निळी होत चालली होती. अप्पा कठड्याशी बसून उजवा पाय दगडावर रेटत होते. सोडायचे, पुन्हा रेटायचे.

"काय करताय?"

"काही नाही."

इतके महिने हा माणूस घरात चालताना स्वतःच्या पायाकडे संशयाने बघत होता, आणि आम्ही सगळे "वय झालं" म्हणून त्याची समजूत घालत होतो.

सकाळी मोखाड्याला कंडक्टरने पुडकं दिलं. काशिनाथने नवा पंप आधी तेलाने ओला केला. कोरडा लावला तर पहिल्याच दिवशी पाती खातो म्हणे. या वेळी पाइपाने अप्पांचा अंगठा गपकन धरला. मग त्याने अप्पांना सीटवर बसवलं.

"इंजिन बंद. चार-पाच डाव दाबा. कडक झाला? आता पाय तसाच ठेवून गाडी चालू करा."

अप्पांनी किल्ली फिरवली. पायाखालचं पेडल आपोआप खाली बसलं.

"गेलं," ते म्हणाले. "सुमे, खाली गेलं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

जुनी डिझेल गाडी असेल तर निघण्यापूर्वी हे घरीच करून बघा, एवढंच सांगते.

खोडाळ्यापर्यंत अप्पांनीच चालवली. शाळेची कौलं जाऊन पत्रे आले होते, ओळखीचं कोणी भेटलं नाही. बाजारातून नागली घेऊन आम्ही परतलो. पंप बदलल्याने त्यांचं वय काही कमी झालं नाही. पुढे मोतीबिंदू वाढला तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी सोडली. पण ती हसत सोडली.

त्या संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा आई ओट्यावर होती. मी उतरून तिला सगळं सांगितलं. ती उठली, खाली आली, फाटक उघडलं आणि तिथेच फाटकाला हात लावून उभी राहिली. अप्पांनी गाडी रस्त्यावरच थांबवली.

"तू आधी बाजूला हो," ते काचेतून म्हणाले.

"का? लागतो ना आता ब्रेक?" आई म्हणाली. "मग या."