वीरगळाखालची पाटी

आमच्या गावच्या वेशीवर एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीत कोरलेला दगड. त्याच्याखाली आमच्या कॉलेजने छोटी पाटी बसवली आहे. पाटीवरचा कोड मोबाइलने स्कॅन केला की त्या दगडाची माहिती उघडते. ती माहिती मी लिहिली आहे. पण बायका वीरगळाला हळदकुंकू वाहतात आणि जाताजाता पाटीलाही कुंकवाचं बोट लावतात. मग कोड चालत नाही. सर म्हणाले, असंच होणार असेल तर पाटी इथून काढून कॉलेजच्या फाटकावर लावू. दगडापासून तोडलेली माहिती मला नको वाटते, म्हणून मी अधूनमधून ओलं फडकं घेऊन येते. खरं सांगायचं तर आता थकायला झालंय.

आज पाटीला बोट टेकवताना दिसली ती माझीच आई.

"अगं, तू पण?"

"तू लिहिलंयस ना त्यात. म्हणून लावलं."

"त्यानं मोबाइलला दिसत नाही, आई."

"मला तरी कुठं वाचता येतंय? तूच दाखव की वाचून."

मी पाटी पुसली, मोबाइलने कोड स्कॅन केला. ही माहिती जगात कुठूनही वाचता येते, असं मी सगळ्यांना सांगत आले. घरात मात्र ती पोचलीच नव्हती.

आईने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. पूजेला आलेल्या दोघीही थांबल्या. चारच ओळी होत्या, मी भराभर वाचून टाकल्या.

"झालं?" आई म्हणाली. "यांना काही कळलं नाही बघ. परत वाच, सावकाश."