माळ्यावरची पत्रिका

मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. धुळ्यात कोर्टामागच्या गल्लीत योगराज बोरसेंचं टायपिंगचं दुकान आहे, तिथे मी वीस वर्षं काम करतेय. वकिलानं उगाच घाई केली तर वकिलाला ऐकवते, शिपायानं केली तर शिपायाला. योगराज बोरसेंना सगळे नाना म्हणायचे. ते म्हणायचे, "मोहिनी, तुझ्या तोंडाला एक शटर बसवून घे बाई." आणि ज्या एका दिवशी मी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मेलं माझ्याच तोंडाला कुलूप लागलं.

नाना मूळचे टाइपरायटरवाले. कॉम्प्युटर आला तसा त्यांना एकच घोर लागला, फाइली जातात कुठे? दोनदा त्यांचं मशीन बसलं आणि दोन्ही वेळा सगळं काम पाण्यात गेलं. मग २००५ च्या सुमाराला त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं त्यांना ई-मेलचं खातं काढून दिलं. तेव्हा आधीच्या कुणी आमंत्रण धाडलं तरच ते खातं मिळायचं, म्हणून नानांना त्याचं भारी कौतुक. त्यात जागाही भरपूर. भाच्यानं वर एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. कॉम्प्युटरवर सी, डी असे ड्राइव्ह दिसतात ना, त्यांच्याच रांगेत एक नवा ड्राइव्ह दिसायला लागला. त्यात फाइल सोडली की तिचा मेल व्हायचा आणि तो नानांच्याच खात्यात जाऊन पडायचा. पाठवणारे योगराज, घेणारेही योगराज. नाना त्या ड्राइव्हला माळा म्हणायचे. "मोहिनी, ही पत्रिका माळ्यावर टाक." मी म्हणायचे, "नाना, सगळं जग दुसऱ्याला पत्र लिहितं, तुम्ही स्वतःलाच लिहिता." ते खूश होऊन हसायचे.

अर्ज, प्रतिज्ञापत्रं, आणि लग्नसराईत लग्नपत्रिका. आमच्याकडची पत्रिका म्हणजे सोपं काम नाही हो. आजोबांपासून चुलतचुलत्यापर्यंत अख्खी भावकी त्यात बसवायची. एक नाव राहिलं तर माणूस मांडवात पाऊल ठेवत नाही. नाना प्रत्येक घराण्याची जुनी पत्रिका माळ्यावरून काढायचे, गेलेल्यांच्या नावाआधी 'कै.' लावायचे, नव्या सुनांची नावं घालायचे. बाहेरच्या कुणाच्या पत्रिकेत त्यांनी कधी एक नाव चुकवलं नाही. चुकलं ते घरच्या.

२०१० साली त्यांच्या मुलीचं, रुचीचं लग्न ठरलं. मजकूर नानांनी स्वतः टाइप केला आणि छपाई जळगावच्या एका प्रेसला दिली. तिथे मजकूर एका ओळीनं जास्त होत होता. प्रेसवाल्यानं न विचारता ती ओळ उडवली. त्या ओळीत एकच नाव होतं, श्री. हितेंद्र झुलाल बोरसे. नानांचा सख्खा धाकटा भाऊ! गठ्ठा हातात आला तेव्हा लग्नाला चार दिवस राहिले होते. नाना म्हणाले, "भाऊच आहे, समजून घेईल." त्यांनी एका पत्रिकेवर पेनानं ते नाव लिहिलं आणि तीच घेऊन नशिराबादला गेले. हितेंद्रभाऊंनी ती वाचली आणि विचारलं, "छापायला महाग पडत होतो का मी?" ओळ प्रेसनं उडवली, माझ्या फाइलीत नाव आहे, असं नानांनी सांगून पाहिलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही; लग्नाला ते आले नाहीत. पुढे तेरा वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत.

नानांकडे पुरावा होता. प्रेसला दिलेली फाइल त्यांनी त्याच दिवशी माळ्यावर टाकली होती, आणि मेलवर तारीख असते. आज नवी पत्रिका टाइप करता येईल, ती तारीख कुणाच्या बापाला आणता येणार नाही. मी कितीदा म्हटलं, "नाना, दाखवून टाका ना त्यांना." तर उसळायचे, "भावाला पुरावे दाखवू? मी काय कोर्टात उभा आहे? त्यानं विचारू दे, मग दाखवतो."

मधे कॉम्प्युटर बदलला. तो प्रोग्राम नव्या मशीनवर चालेना, म्हणून रांगेतला तो ड्राइव्हही गेला. नाना मात्र माळा, माळा म्हणतच राहिले. मला वाटलं, त्यांनी सगळं टेबलाच्या खणातल्या काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं असेल. वाटलं खरं, विचारलं मात्र नाही.

२०२३ च्या जानेवारीत नाना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी होते. मेलचं खातं भरलं आणि गिऱ्हाइकांच्या फाइली यायच्या बंद झाल्या. समोर पाच माणसं उभी, सगळी माझ्यावर करवादतायत. मी खातं उघडून खाली खाली गेले तर नानांनीच नानांना पाठवलेले हजारो मेल. विषयात काहीतरी अगम्य अक्षरं, आत मजकुराचा पत्ता नाही. म्हटलं, माळ्यावरचं सगळं तर डिस्कवर उतरलंय, हा नुसता कचराच. सगळ्यांवर टिक केली आणि पुसून टाकले. ट्रॅशही रिकामा केला, हो, कामात कसर नको ना! नाना आठवड्यानं आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मेल साफ केला." ते म्हणाले, "बरं केलंस." जाहिराती काढल्या असतील, असं त्यांना वाटलं असणार.

मार्चमध्ये एका दुपारी हितेंद्रभाऊ दुकानाच्या पायऱ्या चढून आले. मी त्यांना ओळखलंच नाही, केस सगळे पांढरे. नाना खुर्चीतून उठले ते उभेच. हितेंद्रभाऊ म्हणाले, "दिपमालाचं लग्न ठरलं, नाना. पत्रिका तुझ्याकडेच करायची म्हणून आलो." मग अहिराणीत म्हणाले, "पन पहिले ती फाइल दखाड माले." म्हणजे आधी ती फाइल मला दाखव.

नानांचा चेहरा असा फुलला, की मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. "मोहिनी, माळ्यावर चढ! २०१० चा एप्रिल काढ."

मी हार्ड डिस्क लावायला खण उघडला. नाना म्हणाले, "ती कशाला? मेल उघड, मेल." तेव्हा मला ते पुसलेले मेल आठवले. तरी उघडला. एप्रिल नाही, २०१० नाही, काहीच नाही. नाना मागून वाकून बघत होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भावाला म्हणाले, "मनाच हाते पुसाई गई व्हई."

माझ्याच हातून पुसली गेली असेल, असं ते म्हणाले. त्यांना वाटलं, दुसऱ्यासमोर पोरीची इज्जत राखावी. भावानं त्याचा अर्थ वेगळाच घेतला, की फाइल कधी नव्हतीच. हितेंद्रभाऊ "माले ठाऊक व्हतं," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

मी बसून राहिले. वकिलांना झापणारी मी, शिपायांना झापणारी मी, नुसती कीबोर्डकडे बघत बसले. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. नानाही मला कधी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. दिपमालाच्या पत्रिकेत नानांचं नाव आलं नाही. पुढच्या जानेवारीत नाना गेले, झोपेतच. हितेंद्रभाऊ स्मशानात लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परत गेले.

तेरावं झाल्यावर मी एसटीनं नशिराबादला गेले. हितेंद्रभाऊंच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. प्रेसवाला, माळा, ते हजारो मेल, माझा हात, नानांनी माझ्यासाठी अंगावर घेतलेला आळ. सांगताना रडले, रडताना परत तेच सांगितलं. सगळं ऐकून ते उठले. मग आत गेले आणि वहीचा एक घडी घातलेला कागद घेऊन आले.

दिपमालाच्या पत्रिकेचा हातानं लिहिलेला मजकूर होता तो. निमंत्रकांमध्ये सगळ्यांत वर नाव होतं, श्री. योगराज झुलाल बोरसे. त्यावर पेनाची आडवी काट होती.

"त्या दिवशी हे खिशात होतं," ते म्हणाले. "ही काट दुकानाखाली रिक्षात बसून मारली मी. रिक्षावाला चहा प्यायला गेला होता. दहा मिनिटं तिथेच होतो. कुणी खाली आलं असतं तर..."

मी त्या कागदाची घडी घालून तो त्यांच्या हातात दिला. आमच्या दुकानाला पायऱ्या तीनच आहेत.