रस्त्यावरून काय जातं?

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीचा रस्ता काँक्रीटचा करायचं ठरलं, तेव्हा प्रमुखांच्या डोळ्यांसमोर बहुधा विमानतळ होता. सुरतेत सोसायटीच्या चेअरमनला प्रमुख म्हणतात आणि हा शब्द माणसाच्या अंगात फार लवकर येतो. त्यांच्या आराखड्यात जाडजूड काँक्रीट होतं, त्यात सळयांची दुहेरी जाळी, वर फरशीसारखी रंगीत नक्षी आणि गेटावर संगमरवरी पाटीची कमान. घरटी वर्गणी ऐकून सभा गप्प झाली. आमच्याकडे लोक भांडतात तोवर काळजी नसते. गप्प झाले की मामला गंभीर.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात हे पद मला देण्यात आलं, म्हणजे मी नको म्हणायला पुरेशा वेगाने बोललो नाही. वर्गणी कमी कशी होईल ते शोधायचं कामही ओघानेच माझ्याकडे आलं. कडोदऱ्याकडच्या कारखान्यांचे रस्ते बांधून निवृत्त झालेले एक इंजिनिअर माझ्या ओळखीचे होते. त्यांना घेऊन आलो.

साहेबांनी सांगितलं की याला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू काम काय करतेस? काम करत असेल तर ठेवायची, तेच काम स्वस्तात होत असेल तर बदलायची, काहीच करत नसेल तर काढायची. प्रमुखांना हा शब्द इतका आवडला की त्या संध्याकाळी त्यांच्या घरचा चहा अर्धा कप आला.

साहेबांचं म्हणणं होतं की रस्त्याची जाडी त्यावरून जाणाऱ्या वजनावर ठरते, म्हणून आधी घरोघर विचारू या. इथेच घोटाळा झाला. साहेबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, पायात पॉलिश केलेले बूट, म्हणजे दिसायला थेट पालिकेचे अधिकारी. ते दारात उभे राहून विचारणार, 'तुमच्याकडे कोणकोणती वाहनं येतात?' घरात धंदा करायला सोसायटीच्या नियमांत बंदी आहे, आणि घरात धंदा सापडला की घरवेरा, म्हणजे घरपट्टी, दुकानाच्या दराने लागतो, अशी अफवा तेव्हा गल्लीत फिरत होती. मी शेजारी उभा राहून हे आपलेच इंजिनिअर आहेत असं सांगत होतो, पण सेक्रेटरीवर विश्वास ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेव्हा कोणाकडे फक्त स्कूटर येत होती, कोणाकडे शाळेची रिक्षा. मागच्या खोलीत एम्ब्रॉयडरीचं मशीन धडधडत असताना एका गृहस्थांनी आम्हाला सायकलीचे फायदे समजावून सांगितले. माझ्या शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या की आमच्याकडे पाहुणासुद्धा फिरकत नाही.

वहिनी धुळ्याकडच्या. नवऱ्याची लूमवरची नोकरी सुटल्यापासून त्यांचं घर धागा कटिंगवर चालतं. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, वहिनी आणि गल्लीतल्या चार-पाच जणी मागचे लोंबते दोरे कापतात आणि गठ्ठे परत जातात. येतात-जातात अर्थातच टेम्पोने.

साहेबांनी लोकांच्या शब्दावर रस्ता आखला. काँक्रीट एकदम पातळ, जाळी नाही आणि एखादा टेम्पो चुकून शिरून रस्ता फोडू नये म्हणून गेटावर आडवा लोखंडी पाइप. वर्गणी निम्म्यावर आली. प्रमुखांनी पाइपाच्या जागी तेवढ्याच उंचीची कमान सुचवली. रस्त्यात वाचलं ते कमानीत घालू, असा हिशोब.

सभेच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. टेम्पो दारापर्यंत जात नसेल तर व्यापारी माल दुसऱ्या गल्लीत टाकतो, आणि एकदा गेलेलं काम परत मिळत नाही. सभेत मी काहीतरी बोलावं, पण त्यांचं नाव न घेता, असं त्यांचं म्हणणं. नाव न घेता टेम्पो कोणाकडे येतो म्हणून सांगणार, मी विचारलं. वहिनी उठून गेल्या. चहा तसाच राहिला.

सभेत साहेबांनी पाइप फळ्यावर काढून दाखवला. लोक माना डोलवत होते. प्रमुख विषय मंजूर करणार एवढ्यात मागून वहिनी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि घरी बोलतात तशा सरळ अहिराणीत म्हणाल्या, "साहेब, मना दारपुढे टेम्पो येस. रोज येस. आते लिखी ल्या."

सगळे साहेबांच्या पेनाकडे पाहू लागले. ते हलेना, कारण साहेब हसत होते. "तुमच्या दारासमोर चाकाच्या खुणा बघितल्या होत्या," ते म्हणाले. "म्हटलं, न फिरकणारा पाहुणा जरा जड दिसतो. पण तुम्ही बोलल्याशिवाय मी कसं लिहिणार?"

मग एम्ब्रॉयडरीवाले उठले. पाठोपाठ पिठाच्या गिरणीवाले, आणि त्यांनी जाता जाता विचारलं की प्रमुखांकडे पाण्याचे जार कशाने येतात. हा प्रश्न सभेला फार आवडला. भरलेल्या जारांचा टेम्पो गल्लीतल्या सगळ्या टेम्पोंपेक्षा जड, हे साहेबांनी शांतपणे मांडलं आणि प्रमुखांनाच विचारलं, "कमान काय काम करते?"

"उभी राहते," मागून कोणीतरी म्हणालं.

पाइप गेला, कमानही गेली. दुहेरी जाळी आणि नक्षी परत आलीच नाहीत, कारण आपण काय काम करतो हे त्यांनाही सांगता आलं नाही. टेम्पो जातात त्या मधल्या पट्ट्यात काँक्रीट जाड झालं, कडेच्या ड्रेनेजवर उचलता येणारे ब्लॉक आले, म्हणजे पुढे पाइप तुंबला तर रस्ता फोडायला नको. वर्गणी निम्मी नाही झाली, पण लोक सभेत पुन्हा भांडू लागले एवढी नक्की उतरली.

काँक्रीट ओतल्यावर त्यावर पाणी साठवून ठेवतात आणि ते पक्कं होईपर्यंत वाहन चालत नाही. त्या दिवसांत आमच्या सोसायटीचे सगळे लपलेले धंदे गेटापासून घरापर्यंत कडेकडेने पायी आले. बायकांच्या डोक्यावर साड्यांचे गठ्ठे, गिरणीवाल्यांच्या पाठीवर गव्हाचं पोतं आणि खांद्यावर पाण्याचा जार घेतलेले प्रमुख. समोरासमोर आले की एकमेकांना वाट देत. धंदाबंदीचा नियम अजून आहे. तो काय काम करतो हे मी कोणाला विचारलेलं नाही.

रस्ता खुला झाला त्या सकाळी पहिला टेम्पो वहिनींच्या दारात थांबला. ड्रायव्हर सवयीने खाली उतरून हळूच कडी वाजवायला गेला, तर वहिनी आधीच पायरीवर. त्यांनी त्याला बजावलं की उद्यापासून गेटापासूनच हॉर्न वाजवत यायचं.