पलंग विकणे आहे

लग्नानंतर आम्ही बँकॉकला गेलो, तिथून क्वालालंपूरला आणि मग दुबईला. प्रत्येक बदलीबरोबर नवऱ्याला बढती मिळायची, त्यामुळे घर सोडून जाण्यातही एक तोरा असायचा. बँकॉकच्या घरमालकीणबाईंनी निरोप देताना शुभेच्छा म्हणून आमच्या मनगटांना पांढरा दोरा बांधला होता. क्वालालंपूरला शेजारच्या चिनी आजींना मी मिक्सर, भांडी, कुंड्या सगळं नुसतं देऊन टाकलं. "आता मोठ्या घरात," असं त्यांनी हात पसरून दाखवलं, आणि मीही ऐटीत मान डोलावली.

दुबईत आम्ही अल मनखूलला राहायचो. मंदी आली तेव्हा आधी नवऱ्याच्या ऑफिसातली इतर माणसं गेली. जेवताना आम्ही त्यांच्याबद्दल हळहळायचो. मग एकदा तो भरदुपारीच घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "प्रोजेक्ट खलास. माझी नोकरीही."

व्हिसा रद्द झाल्यावर हातात थोडेच दिवस होते. सामान पुण्याला न्यायचं परवडणार नव्हतं. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली: पलंग, फ्रिज, जेवणाचं टेबल विकणे आहे. खाली फक्त फोन नंबर, नाव नाही. लोक येऊ लागले. अनोळखी बायका आमची कपाटं उघडून बघायच्या, पुरुष गादी दाबून नाक मुरडायचे. मी भिंतीला टेकून उभी राहायचे.

एका सकाळी दार उघडलं, तर दरवर्षी मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला भेटणारी बाई समोर. नंबर आमचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि फोनवर मीही तिचा आवाज ओळखला नव्हता.

"अय्या, तुमच्याकडचा पलंग?"

"हो ना," मी हसून म्हणाले. "सिंगापूरला ट्रान्सफर झालीये यांची. तिथे फर्निश्ड घर मिळतंय."

खाली फरशीवर चित्र रंगवत बसलेली आमची मुलगी मान वर न करता म्हणाली, "नो आई, बाबा लॉस्ट हिज जॉब."

माझी कानशिलं तापली. तिला रागवावं, तर तिचं काय चुकलं होतं? तेवढ्यात नवरा चहाचे कप घेऊन बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने कप ठेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

ती बाई विकायला बाहेरच्या खोलीत आणून ठेवलेल्या पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "मला पलंग नकोय हो. आमच्याकडेही परवाच झालं. सामान कसं विकायचं, लोक काय काय विचारतात, काही कळेना. म्हणून एक नंबर फिरवला, बघून यावं म्हणून." कप उचलत तिने विचारलं, "तुम्ही घरी सांगितलंत?"

"नाही अजून," मी म्हणाले.

"आम्हीपण नाही."

नवऱ्याने फोन उचलला आणि तिच्यासमोरच पुण्याला आईला लावला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या तिकडून ओरडून बोलायच्या. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई, नोकरी गेली. आम्ही परत येतोय."

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "रोज पेपरात येतंय. मी विचारलं असतं तर तू संकोचला असतास, म्हणून गप्प बसले. वरची खोली रंगवून घेतलीये."

ती बाई डोळे पुसत उठली आणि लगेच गेली. तिलाही घरी फोन करायचा होता. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट शरमेने मान वर होईना. आपण सासूबाईंना जपतोय, असं मला इतके दिवस वाटत होतं.

पुण्यात एका लग्नात कुणीतरी विचारलं, "काय दुबईकर, सुट्टीला का?" नवरा सरळ म्हणाला, "नाही हो, नोकरी गेली. इथेच शोधतोय." मी शेजारी उभी राहून पदर सारखा करत होते. सारखा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढे त्याला शारजात काम मिळालं आणि आम्ही तिथल्या अल नहदाला राहायला आलो. ती बाई तोवर तिच्या नवऱ्याबरोबर मस्कतला गेली होती. आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. त्या सकाळचा विषय निघाला की सिंगापूरचं नाव काढून ती खळखळून हसते. मी विषय बदलते.